चोवीस दिवसांनंतरची स्तुती

पराभवानंतर वृत्तपत्राने झोडपले तर फुटबॉलचा चाहता चिडतो. विजयानंतर त्याच वृत्तपत्राने डोक्यावर घेतले तर तो सावध होतो. बाहेरून पाहणाऱ्यास ही वृत्ती चमत्कारिक वाटते. आपल्या संघाचे कौतुक झालेले कोणाला आवडणार नाही? परंतु कोणत्याही जुन्या चाहत्याला विचारावे. टीका करणारा पत्रकार त्याला केवळ विरोधक वाटतो, एकाएकी गोड बोलू लागलेल्या पत्रकाराविषयी मात्र त्याच्या मनात संशय येतो. काल आमच्या प्रशिक्षकाला हाकला म्हणणारा आज त्याला द्रष्टा म्हणतो, तेव्हा काल खरे बोलला की आज, हा प्रश्न त्याला पडतो. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसा तो स्तुती फुंकून पितो.

अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना हा विषय परका नाही. आपली पिढी क्रिकेट घेऊन येथे आली; आपली मुले मात्र आयाक्सची झाली. २५ क्रमांकाच्या ट्रामने झाउड स्थानक आणि तेथून ५० क्रमांकाच्या मेट्रोने योहान क्रायफ अरेना, हा मार्ग त्यांना तोंडपाठ असतो. त्यांच्याबरोबर घरात केवळ लाल-पांढरी जर्सी आली नाही. तिच्यामागोमाग हा अविश्वासही आला. ‘आता हे लोक आपली तारीफ करू लागले, म्हणजे काहीतरी बिघडणार,’ अशा अर्थाचे उद्गार बारा-चौदा वर्षांच्या मुलांच्या तोंडी ऐकू येतात. हा अविश्वास मुलांनी जोपासावा की सोडावा, हा पालकांसमोरचा खरा प्रश्न आहे. माझे मत असे, की तो मुळात योग्य आहे. परंतु चाहते तो जेथे थांबवतात तेथे तो अपुरा राहतो.

प्रथम तो योग्य का, हे पाहू. डिसेंबर २०१७ मध्ये आयाक्सने मार्सेल कायझर यांना काढून उट्रेख्त संघाचे प्रशिक्षक एरिक टेन हाग यांना आणले. टेन हाग हाक्सबर्गेनचे, म्हणजे देशाच्या पूर्वेकडील ट्वेन्टे भागातले. राजधानीच्या क्रीडाविश्वाने त्यांच्या डावपेचांआधी त्यांच्या बोलण्याकडे लक्ष दिले. त्यांच्या ग्रामीण वळणाच्या उच्चारांची टिंगल झाली, पत्रकार परिषदेतील अवघडलेपणावर विनोद झाले. १५ एप्रिल २०१८ रोजी पीएसव्हीने आयाक्सला ३-० असे हरवून विजेतेपद निश्चित केले, तेव्हा हा माणूस या क्लबसाठी फार लहान आहे, असा सूर पक्का झाला. पुढच्या हंगामातही तो पुसला गेला नाही. २७ जानेवारी २०१९ रोजी रोटरडॅममध्ये फेयेनूर्डने आयाक्सवर ६-२ अशी मात केली. ९ फेब्रुवारीला हेराक्लेसकडून ०-१ असा पराभव झाला. टीका शिगेला पोहोचली.

नंतर ५ मार्च आला. सलग तीन वर्षे चॅम्पियन्स लीग जिंकलेल्या रिअल माद्रिदला आयाक्सने त्यांच्याच मैदानावर ४-१ असे नमवले. दुसान टाडिच यांना फ्रान्सच्या ‘लेकिप’ या क्रीडा दैनिकाने दहापैकी दहा गुण दिले. ते दैनिक असे गुण क्वचितच देते. १६ एप्रिलला तुरीनमध्ये युव्हेंटस हरले आणि १९९७ नंतर प्रथमच आयाक्स उपांत्य फेरीत पोहोचला. ज्या टेन हाग यांचे बोलणे हास्यास्पद होते, त्यांचे मौनही आता अर्थपूर्ण ठरले. हेराक्लेसच्या पराभवापासून माद्रिदच्या विजयापर्यंत अवघे चोवीस दिवस गेले होते. चोवीस दिवसांत एखादा माणूस अडाण्याचा ज्ञानी होत नाही. खेळाडू तेच होते, प्रशिक्षक तोच होता, सरावाचे मैदानही तेच होते. बदलली होती ती लिहिणाऱ्यांची भाषा.

येथे पत्रकारांची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. सहा गोल खाणाऱ्या संघावर टीका करणे हे त्यांचे कामच होते. माद्रिदमध्ये चार गोल करणाऱ्या संघाचे कौतुक करणे हेही कामच होते. वस्तुस्थिती बदलल्यावर मत बदलणारा माणूस अप्रामाणिक नसतो. उलट वस्तुस्थिती बदलूनही जुन्याच मताला चिकटून राहणारा अधिक धोकादायक. जानेवारीतील निंदा आणि मार्चमधील स्तुती, दोन्ही आपापल्या दिवशी खऱ्या असू शकतात. मग चाहत्याला खटकते ते नेमके काय?

खटकते ते हे, की या दोहोंमधला दुवा कोणी सांगत नाही. ‘मी अमुक म्हणालो होतो, माझे अमुक गृहीतक चुकले, अमुक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली’, अशी तीन वाक्ये लिहिली असती तर चाहत्याने तीच स्तुती आनंदाने स्वीकारली असती. ती वाक्ये येत नाहीत. निंदा विसरली जाते आणि स्तुती अशा थाटात येते, जणू लेखक पहिल्या दिवसापासून याच बाजूला उभा होता. उगवत्या सूर्याला नमस्कार करणाऱ्याने काल रात्री त्याच्याकडे पाठ केली होती, एवढेच चाहता लक्षात ठेवतो. त्याचा अविश्वास हा कडवटपणा नसून स्मरण आहे.

आमच्या संगणक व्यवसायात एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासण्याची पद्धत असते. तपासणाऱ्याने नुसते ‘छान आहे’ लिहून मंजुरी दिली तर त्या मंजुरीला फारसे मोल नसते. त्याने कोड उघडला तरी होता का, हीच शंका येते. त्याउलट ‘या ओळीतील ही अट योग्य जागी आहे, कारण रिकामी यादी आली तर पुढचा भाग कोसळला असता’, असे कोणी लिहिले तर ती खरी दाद. विशेषणे कोणीही देऊ शकतो. कारणे देण्यासाठी पाहावे लागते. मार्च २०१९ मधील बहुतेक स्तुतीलेख विशेषणांनी भरलेले होते. आघाडीच्या जागी टाडिच यांना खेळवल्याने प्रतिस्पर्ध्यांचा बचाव का विस्कटला, किंवा चेंडू गमावताच तो परत मिळवण्यासाठी संपूर्ण संघ पुढे कसा झेपावत होता, हे समजावून सांगणारे थोडे होते. त्या थोड्यांवर चाहत्यांनी तेव्हाही विश्वास ठेवला आणि आजही ठेवतात. सावधपणा त्यांनी सरसकट सर्वांबाबत बाळगलेला नाही, हे येथे ध्यानात घ्यावे.

स्तुतीविषयीच्या शंकेला दुसरेही कारण आहे, आणि ते पैशाशी निगडित आहे. डिसेंबर १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाने बोस्मान प्रकरणी निर्णय दिल्यापासून करार संपलेला खेळाडू मोबदल्याविना दुसऱ्या क्लबात जाऊ शकतो आणि युरोपीय संघातील खेळाडूंवर देशनिहाय मर्यादा घालता येत नाही. त्याच वर्षी चॅम्पियन्स लीग जिंकलेल्या आयाक्सचा तो संघ पुढील काही वर्षांत पांगला. तेव्हापासून आयाक्स हे प्रतिभा घडवून विकणारे घर झाले आहे. अशा घरातील मुलाची स्तुती ही केवळ स्तुती राहत नाही. ती किंमत असते. फ्रेंकी डी योंग यांचा बार्सिलोनाशी ७.५ कोटी युरोंचा करार जानेवारी २०१९ मध्येच जाहीर झाला. त्या जुलैमध्ये कर्णधार मथाइस डी लिग्ट जवळजवळ तेवढ्याच रकमेला युव्हेंटसकडे गेले. पुढच्या वर्षी हकीम झियेच आणि डोनी व्हान डी बेक यांनीही क्लब सोडला. खेळाडूचा एजंट, विकणारा क्लब आणि घेऊ इच्छिणारा क्लब, या सर्वांना कौतुकाच्या मथळ्याचा उपयोग असतो. म्हणून परदेशी वृत्तपत्रात आपल्या विशीतल्या खेळाडूवर पानभर लेख आला, की अ‍ॅमस्टरडॅमचा चाहता आनंदण्याआधी उन्हाळ्याचे महिने मोजू लागतो. गिऱ्हाईक गायीची तारीफ करू लागले की शेतकऱ्याच्या पोराला कळते, गाय आता दारात राहणार नाही.

तिसरे कारण क्लबच्या अंतर्गत राजकारणाचे. सप्टेंबर २०१० मध्ये योहान क्रायफ यांनी ‘डी टेलेग्राफ’ या दैनिकातील आपल्या स्तंभात आयाक्सच्या अवस्थेवर कठोर टीका केली. त्या लेखातून सुरू झालेला संघर्ष संचालक मंडळापर्यंत आणि अखेर न्यायालयापर्यंत गेला. क्रायफ यांचे म्हणणे किती बरोबर होते, यावर आजही वाद होतात. चाहत्यांनी मात्र एक धडा कायमचा घेतला: वर्तमानपत्रातील स्तंभ ही खेळाकडे पाहण्याची खिडकी असते, तशी ती सत्तेच्या लढाईतील काठीही असते. त्यानंतर कोणाची स्तुती छापून आली की ती कोणासाठी छापली, हा प्रश्न ओघानेच येतो.

मे २०२५ चा अनुभव तर अगदी ताजा आहे. इटालियन प्रशिक्षक फ्रान्चेस्को फारिओली यांनी आदल्या हंगामात पाचव्या क्रमांकावर घसरलेला संघ हाती घेतला. सुरुवातीस त्यांच्यावर आक्षेप होता, की हा बचावात्मक, हिशेबी खेळ आयाक्सला शोभत नाही. संघ गुणतालिकेत वर चढला तसा तोच हिशेबीपणा शहाणपण म्हणून गौरवला जाऊ लागला. पाच सामने उरले असताना आयाक्सकडे नऊ गुणांची आघाडी होती. विजेतेपदाची औपचारिकता तेवढी राहिली, असे वातावरण झाले. नंतर उट्रेख्तकडून ४-० असा पराभव, स्पार्टाशी बरोबरी, एनईसीकडून ०-३, ग्रोनिंगेनशी भरपाई वेळेच्या अखेरच्या क्षणी हातून निसटलेला विजय. पीएसव्हीने पाचही सामने जिंकले आणि १८ मे रोजी एका गुणाने विजेतेपद नेले. दुसऱ्याच दिवशी फारिओली यांनी राजीनामा दिला. आणि ज्यांनी एप्रिलमध्ये त्यांचा संयम वाखाणला होता, त्यांना मे महिन्यात त्याच संयमात भित्रेपणा दिसला. घर फिरले की घराचे वासेही फिरतात. आपल्या मुलांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांना भोळे राहा असे सांगण्यात अर्थ नाही.

तथापि अविश्वासालाही प्रती असतात, आणि मुलांना त्या समजावून सांगितल्या पाहिजेत. चुकलेले मत आणि छापलेले असत्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमधील शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी होऊन लिव्हरपूलचे ९७ चाहते प्राणास मुकले. चार दिवसांनी ‘द सन’ या वृत्तपत्राने पहिल्या पानावर त्या चाहत्यांवरच किळसवाणे आरोप केले आणि ‘सत्य’ असा मथळा दिला. ते आरोप खोटे होते. २०१२ मध्ये स्वतंत्र चौकशी पथकाचा अहवाल आला, तेव्हा त्या वृत्तपत्राने स्पष्ट माफी मागितली. लिव्हरपूल शहरात आजही अनेक दुकानांत ते विकले जात नाही. त्या वृत्तपत्राने उद्या लिव्हरपूल संघाच्या खेळाची कितीही मनापासून स्तुती केली तरी ती त्या शहरात का पोहोचणार नाही, हे समजण्यासारखे आहे. तेथे प्रश्न मताचा नसून मृतांच्या नावाचा आहे. टेन हाग यांच्या उच्चारांची टिंगल ही त्या तोलाची गोष्ट नव्हे. जो सर्वच पत्रकारांना एका काट्यावर तोलतो, त्याच्याकडे खऱ्या अन्यायासाठी वेगळे माप उरत नाही.

हा प्रश्न केवळ फुटबॉलचा नाही, हे आपल्याच गावातील दुसऱ्या मैदानावरून दिसते. अ‍ॅमस्टरडॅमसे बोसमधील व्हीआरएच्या क्रिकेट मैदानावर १९९९ च्या विश्वचषकातील दक्षिण आफ्रिका-केनिया सामना झाला होता. एरवी डच क्रीडापानांवर क्रिकेटला क्वचितच जागा मिळते. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी धरमशाला येथे नेदरलँड्सने दक्षिण आफ्रिकेला ३८ धावांनी हरवले, तेव्हा ऑफिसात क्रिकेटचे नियमही ठाऊक नसलेले सहकारी आपल्याला षटक म्हणजे काय, ते विचारू लागले. काही आठवड्यांत सारे पूर्ववत झाले. या खेळाडूंना कौतुकापेक्षा नियमित वार्तांकन अधिक हवे होते. वर्षभर कोणी पाहत नसेल, तर एका दिवसाच्या गौरवातून सरावाची जागा मिळत नाही, प्रायोजकही मिळत नाही.

आणि क्रिकेटचा विषय निघाला की आपल्या वाचकाला पळवणकर बाळू यांचे नाव आठवल्यावाचून राहणार नाही. खेळाडूची स्तुती आणि त्याचा अधिकार यांतील अंतर त्यांच्याइतके स्पष्ट क्वचितच कोणाच्या आयुष्यात दिसते. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबमध्ये मैदान राखता राखता आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकता टाकता हा चर्मकार समाजातील तरुण श्रेष्ठ डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. गोऱ्यांना हरवायचे म्हणून सवर्णांच्या हिंदू क्लबने त्यांना संघात घेतले. मैदानावर चेंडू सर्वांनी हाताळायचा. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. १९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपियन संघाला हरवले, तेव्हा सुधारकी वृत्तपत्रांनी या विजयात जातिभेद ओसरल्याची चिन्हे पाहिली आणि त्याचे मोठे स्वागत केले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. कौतुकाचा पूर आला. परंतु कर्णधारपदाचा प्रश्न आला की ते वर्षानुवर्षे डावलले गेले. १९२० मध्ये तर त्यांना संघातूनच वगळण्यात आले आणि निषेध म्हणून विठ्ठल व शिवराम या त्यांच्या भावांनी खेळण्यास नकार दिला. कर्णधारपद अखेर १९२३ मध्ये विठ्ठल यांना मिळाले. बाळूंना ते कधीच मिळाले नाही. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले, हेही आपण जाणतो. त्यामुळे त्यांच्या हाताची करामत कमी होत नाही आणि त्यांच्यावरील अन्यायही पुसला जात नाही.

बाळूंच्या उदाहरणातून स्तुतीची एक कठोर कसोटी हाती लागते. ती स्तुती कोणत्या अधिकारात उतरली? गोलंदाजाच्या हाताचे गुणगान करायचे आणि त्या हातात नाणेफेकीचे नाणे द्यायचे नाही, अशी स्तुती करणाऱ्याला काहीही किंमत मोजावी लागत नाही. १९२० हेच ते वर्ष, ज्या वर्षी ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता. ज्यांना स्वतःविषयीची बातमी दुसऱ्याच्या पानावर मिळत नव्हती, त्यांनी स्वतःचे पान काढले. म्हणून वृत्तपत्रांविषयीचा सावधपणा आपल्या घरांना आयाक्सने शिकवलेला नाही. मुलांनी तो या मैदानावर पुन्हा शोधला, एवढेच. मात्र एक फरक विसरू नये. आयाक्स हा बहिष्कृतांचा संघ नव्हे. तो या देशातील सर्वाधिक विजेतेपदे मिळवलेला, १९९८ पासून शेअर बाजारात नोंदलेला, श्रीमंत क्लब आहे. त्याच्या चाहत्याने उपेक्षितांची भाषा उसनी घेऊ नये. बलवान क्लबाच्या चाहत्यावर तर वेगळीच जबाबदारी येते.

ती जबाबदारी कोणती, हे मार्क ओव्हरमार्स यांच्या प्रकरणावरून कळते. २०१२ पासून ते आयाक्सचे तांत्रिक संचालक होते. २०१९ च्या यशाचे शिल्पकार म्हणून त्यांचे नाव सर्वत्र घेतले गेले. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी क्लबने जाहीर केले, की अनेक महिला सहकाऱ्यांना अनुचित संदेश पाठवल्यामुळे ओव्हरमार्स पद सोडत आहेत. त्याच दिवसांत ‘एनआरसी’ या दैनिकाने क्लबमधील महिला कर्मचाऱ्यांना कोणत्या वातावरणात काम करावे लागत होते, याचा शोध घेऊन वृत्तान्त छापला. म्हणजे ज्या काळात क्रीडापाने त्या कार्यालयाची वाहवा करत होती, त्याच कार्यालयात काही स्त्रिया खाली मान घालून त्रास सोसत होत्या. स्तुतीचे खरे नुकसान हे आहे. ती प्रश्न विचारणाऱ्याला रसभंग करणारा ठरवते. संघ जिंकत असताना कोणी आतल्या कारभाराची चौकशी केली, तर पहिला दगड चाहतेच मारतात.

म्हणूनच मी वर म्हटले, की चाहत्यांचा अविश्वास अपुरा आहे. तो स्तुती करणाऱ्या पत्रकारावर रोखलेला असतो. पण ‘सगळेच पत्रकार सारखे’ म्हणत तो पुढे विचारणाऱ्या पत्रकारालाही गिळून टाकतो. त्याचा लाभ कोणाला होतो? चाहत्याला नव्हे. आज प्रत्येक मोठ्या क्लबजवळ स्वतःची वाहिनी आणि स्वतःचे कॅमेरे आहेत. तेथे खेळाडू हसतात, प्रशिक्षक ठरलेली उत्तरे देतात आणि अवघड प्रश्न कोणी विचारतच नाही. बाहेरच्या पत्रकारावरील विश्वास जितका आटतो, तितके संचालक मंडळ निश्चिंत होते. टीका आली की द्वेष म्हणायचे आणि कौतुक आले की ढोंग म्हणायचे, असे ठरवून टाकलेल्या चाहत्याजवळ सत्य पोहोचण्याची एकही वाट शिल्लक राहत नाही. तो स्वतःला चाणाक्ष समजतो. प्रत्यक्षात तो क्लबच्या जाहिरात विभागाचा सर्वांत सोपा श्रोता झालेला असतो.

निंदा आणि स्तुती यांना कसे सामोरे जावे, याची फार जुनी शिकवण आपल्याजवळ आहे. दीघनिकायातील पहिल्याच सुत्ताचा, ब्रह्मजाल सुत्ताचा, प्रसंग आठवावा. राजगृहाहून नालंदेकडे जाणाऱ्या वाटेवर सुप्पिय हा परिव्राजक बुद्ध, धम्म आणि संघ यांची निंदा करीत होता आणि त्याचाच शिष्य ब्रह्मदत्त त्यांची स्तुती करीत होता. भिक्खूंमध्ये याची चर्चा झाली, तेव्हा तथागतांनी त्यांना सांगितले ते असे: निंदा ऐकून चिडू नका, कारण चिडलेल्या मनाला बोललेले खरे की खोटे, हे ओळखता येत नाही, जे खोटे आहे ते खोटे कसे, एवढे दाखवा. स्तुती ऐकूनही हुरळू नका. जे खरे आहे ते खरे म्हणून मान्य करा. येथे स्तुती नाकारा असे म्हटलेले नाही. स्तुती करणाऱ्याचा हेतू शोधत बसा, असेही म्हटलेले नाही. दोन्ही वेळी काम एकच आहे: बोललेल्या गोष्टीची शहानिशा करणे. सुप्पिय गुरू आणि ब्रह्मदत्त शिष्य. दोघे एकाच वाटेने चालत होते आणि एकाच गोष्टीविषयी उलट बोलत होते. आपल्या क्रीडापानांवर हे दोघे पुष्कळदा एकाच माणसात राहतात, इतकाच फरक.

या शिकवणीला मैदानाच्या भाषेत उतरवायचे तर मुलांच्या हाती चार साधे प्रश्न द्यावेत. या लेखकाने कारण दिले आहे की केवळ विशेषण? आपले कालचे मत त्याला आठवते का, आणि ते का बदलले हे तो सांगतो का? या स्तुतीने कोणाची किंमत वाढते? आणि संघ जिंकत असताना त्याने कधी अवघड प्रश्न विचारला आहे का? पहिल्या तीन प्रश्नांनी ढोंग ओळखता येते. चौथ्या प्रश्नाने विश्वासार्ह माणूस सापडतो, आणि म्हणून तो सर्वांत महत्त्वाचा. पराभवाच्या दिवशी टीका करायला धैर्य लागत नाही. गर्दी आधीच ओरडत असते. विजयाच्या दिवशी, सारे शहर चौकात नाचत असताना, ‘महिला कर्मचाऱ्यांच्या तक्रारींचे काय झाले?’ असे विचारायला धैर्य लागते. असा पत्रकार चाहत्यांना आवडत नाही. पण उद्या क्लब अडचणीत आला, तर त्याच्याच जुन्या बातम्या उपयोगी पडतात.

ही सवय फुटबॉलपुरती राहणार नाही, यासाठीच मला तिचे महत्त्व वाटते. आपली मुले या देशात मोठी होत आहेत. त्यांच्याही वाट्याला शाळेत, महाविद्यालयात आणि पुढे नोकरीत अचानक आलेली स्तुती येईल. ‘तुमच्यासारख्या कुटुंबातून आलेला असूनही’ या सुराची स्तुती येईल. छायाचित्रासाठी पहिल्या रांगेत बसवणारी आणि निर्णयाच्या बैठकीस न बोलावणारी स्तुतीही येईल. त्या वेळी त्यांनी हरभऱ्याच्या झाडावर चढू नये, तसेच प्रत्येक कौतुकामागे कट शोधून स्वतःचे मन विटवूही नये. त्यांनी शांतपणे विचारावे: आपण माझ्या कामात नेमके काय पाहिले? आणि ते पाहिल्यानंतर आता मला कोणती जबाबदारी देणार आहात?

जो पत्रकार, जो शिक्षक किंवा जो वरिष्ठ या दोन प्रश्नांना सरळ उत्तर देईल, त्याची स्तुती निःसंकोच स्वीकारावी. इतरांची ऐकून घ्यावी, आभार मानावेत आणि पुढच्या सामन्याची तयारी करावी.

जयभीम.